देवशयनीला जागणारा देव
पंढरीचे नित्योपचार, वारीतील अहोरात्र दर्शन आणि वाळूजचे ‘छोटे पंढरपूर’

आषाढ शुद्ध एकादशीला पंचांगात ‘शयनी’ असे नाव आहे. या तिथीला भगवान विष्णू शेषशय्येवर निद्रिस्त होतात आणि कार्तिक शुद्ध एकादशीला, म्हणजे प्रबोधिनीला, जागे होतात, अशी आपल्याकडील परंपरागत श्रद्धा आहे. याच दिवसापासून चातुर्मासास आरंभ होतो आणि घराघरांतून व्रते व नेम धरले जातात. परंतु त्याच विष्णूचे जे रूप भीमातीरी विटेवर उभे आहे, ते मात्र या एकादशीला निजत नाही. निजावयाचे म्हटले तरी त्याला पलंगच नसतो! वारीची गर्दी दाटू लागण्यापूर्वीच शेजघरातील देवाचा पलंग विधिपूर्वक काढून ठेवलेला असतो. ज्या रात्री शास्त्राप्रमाणे देवाने निजावयाचे, त्याच रात्री पंढरीचा राणा डोळ्याला डोळा न लावता लेकरांची वाट पाहत उभा राहतो. वारकरी संप्रदायाचे सारे मर्म या एका गोष्टीत साठविले आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वाळूजच्या औद्योगिक वसाहतीला लागूनच एक गाव आहे. त्याचेही नाव पंढरपूर. तेथे विठ्ठल-रुक्मिणीचे देऊळ आहे आणि पंचक्रोशीतील लोक त्या स्थानाला कौतुकाने ‘छोटे पंढरपूर’ म्हणतात. आषाढी एकादशीला या रस्त्यावर वाहनांऐवजी माणसांचा पूर लोटतो. शहरातून, आसपासच्या खेड्यांतून, कारखान्यांच्या वसाहतींतून आबालवृद्ध पायी निघतात. टाळमृदंगाच्या गजरात दिंड्या येतात, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या सुवासिनी येतात, खांद्यावर लेकरू घेतलेला कामगार येतो. भीमातीरीचे पंढरपूर येथून सुमारे तीनशे किलोमीटर दूर. ज्यांना तेथवर जाणे घडत नाही, त्यांची पंढरी ही अशी घराजवळ उभी आहे.

या देवळाच्या रांगेत उभे राहिले की दोन प्रश्न हमखास कानी पडतात. देव उठतो किती वाजता, आणि आपल्याला दर्शन कधी होणार? प्रश्न साधे आहेत. परंतु देवळाची सारी व्यवस्था या दोन प्रश्नांच्या मध्ये उभी असते. एकीकडे देवाचे स्नान, भोजन आणि विश्रांती. दुसरीकडे भक्ताची ओढ. या दोहोंचा मेळ कसा घातला जातो हे समजून घ्यावयाचे, तर मूळ पंढरीच्या गाभाऱ्यातील दिनक्रम पाहिला पाहिजे.

काकड्यापासून शेजेपर्यंत

पंढरीच्या देवाची पूजा राजोपचारांनी होते. राजाला जसे उठवावे, न्हाऊ घालावे, नटवावे, जेवू घालावे आणि निजवावे, तसेच देवाचे सर्व काही यथासांग होते. या क्रमालाच ‘नित्योपचार’ म्हणतात.

पहाटे चारच्या सुमारास देवळाचे दार उघडते. कापडाची पिळून केलेली वात, म्हणजे काकडा, तुपात भिजवून पेटवितात आणि त्या मंद प्रकाशात श्रींचे मुख प्रथम दिसते. ही काकड आरती. रात्रीचे हार-निर्माल्य उतरवून मुखप्रक्षालन होते आणि लोणी-खडीसाखरेचा नैवेद्य दाखविला जातो. आपल्या मराठवाड्यातील गावोगावी कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटेचा ‘काकडा’ बसतो, मारुतीच्या पारावर भजनाचा आवाज घुमतो, त्याचे मूळ या पहाटसेवेत आहे.

काकड आरतीनंतर नित्यपूजा होते. दूध, दही, तूप, मध व साखर या पंचामृताने श्रींना स्नान घालतात. मग वस्त्रे, अलंकार, गंध, तुळशीहार. देवाला नटविल्यावर आरसा दाखविण्याची रीत आहे. आईने लेकराला तीट लावून आरशासमोर धरावे, तसाच हा प्रेमाचा व्यवहार. पूजा आटोपली की भाविकांच्या पदस्पर्श दर्शनाला आरंभ होतो.

सकाळी अकराच्या सुमारास महानैवेद्य होतो. दुपारी साडेचारच्या सुमारास श्रींचा पोशाख बदलतात. सायंकाळी पावणेसातच्या सुमारास धुपारती होते. धुपाच्या सुगंधाने देऊळ भरून जाते आणि बाहेर नामदेव पायरीपर्यंत घंटानाद पोहोचतो. या प्रत्येक उपचाराच्या वेळी दर्शनाची रांग थोडा वेळ थांबते. ज्यांना हे ठाऊक नसते, त्यांना वाटते की रांग उगाच खोळंबली. वास्तविक त्या वेळी आत देव जेवत असतो किंवा वस्त्रे नेसत असतो. घरी पाहुणा जेवावयास बसला असता आपण दारातून हाका मारीत नाही. येथेही तोच शिष्टाचार आहे.

रात्री साडेअकराच्या सुमारास शेजारती होते. शेजघर झाडून स्वच्छ करावयाचे, पलंगावर बिछाना घालावयाचा, देवाचे पाय धुवावयाचे, गाभाऱ्यापासून शेजघरापर्यंत पायघडी अंथरावयाची, अशी ही जुनी रीत. मूर्ती विटेवरच उभी असते. परंतु देव त्या पायघडीवरून चालत जाऊन पलंगावर पहुडतो, असा भाव धरावयाचा. मग दार बंद होते ते पुन्हा पहाटेच्या काकड्यालाच उघडते.

सात हातांची सेवा

एवढे उपचार एका माणसाकडून होणे नाही. म्हणून पंढरीत फार पूर्वीपासून सेवेची वाटणी झालेली होती. देवळाचा कारभार बडव्यांकडे, आणि गाभाऱ्यातील सेवा सात सेवाधाऱ्यांकडे. पुजाऱ्याने पूजा करावयाची. बेणाऱ्याने मंत्र म्हणावयाचे. परिचारकाने पाणी आणि पूजेचे साहित्य आणून द्यावयाचे. डिंगऱ्याने देवाला न्हाऊ घालून वस्त्रे नेसवावयाची व आरसा दाखवावयाचा. हरिदासाने पदे गावयाची. दिवट्याने मशाल धरावयाची. आणि डांग्याने चोप घेऊन उभे राहावयाचे. रुक्मिणीमातेच्या देवळात ही सेवा उत्पातांकडे होती. कामावरून आडनावे पडली आणि आडनावांतून पिढ्यान्‌पिढ्यांचे हक्क निर्माण झाले.

हे हक्क पुढे वादाचा विषय झाले. महाराष्ट्र शासनाने पंढरपूर मंदिरांसंबंधी १९७३ साली कायदा केला आणि वंशपरंपरागत हक्क संपवून कारभार समितीकडे सोपविण्याचे ठरविले. न्यायालयांतील वाद दीर्घकाळ चालला. अखेर जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्यावर पडदा पडला. त्यानंतर मंदिर समितीने पूजेच्या सेवेसाठी सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागविले. सेवाधाऱ्यांच्या अनेक पिढ्यांनी केलेली सेवा इतिहासाने कृतज्ञतेने नोंदवावी. आणि सेवेचा अधिकार जन्माने न ठरता भावाने व पात्रतेने ठरावा, हा संतांचा आग्रह उशिरा का होईना गाभाऱ्यापर्यंत पोहोचला, हेही नोंदवावे.

ऋतूंप्रमाणे देवाचे लाड

नित्योपचारांखेरीज ऋतुमानाप्रमाणेही देवाची काळजी घेतली जाते. चैत्र पाडव्यापासून मृग नक्षत्र निघेपर्यंत उन्हाळ्याचा ताप असतो. त्या दिवसांत श्रींच्या अंगाला चंदनाची उटी लावतात. थंडी पडली की कानपट्टी, शाल, रजई असा उबदार वेष चढतो. वसंत पंचमीला शुभ्र वस्त्रे नेसवितात. मूर्ती पाषाणाची आहे हे सेवा करणाऱ्याला ठाऊक नसते असे थोडेच आहे! परंतु आपल्याला उकडते तर देवालाही उकडत असेल, आपल्याला हीव भरते तर देवालाही भरत असेल, हा विचार मनात येणे म्हणजेच भक्ती. जो देवाच्या उन्हाळ्याची चिंता करतो, त्याला रांगेत पुढे उभ्या असलेल्या म्हातारीच्या तहानेची चिंता आपोआपच सुचते.

पलंग निघतो तेव्हा

इतका काटेकोर दिनक्रम, परंतु वर्षातून दोन वेळा तो देवानेच मोडावा अशी योजना आहे. आषाढी आणि कार्तिकी या दोन महायात्रांच्या आधी चांगला दिवस पाहून ‘देवाचा पलंग काढतात’. शेजघरातील पलंग बाहेर निघाला की देवाची निद्रा बंद झाली. विठ्ठलाच्या पाठीशी कापसाचा मऊ लोड ठेवतात आणि रुक्मिणीमातेला तक्क्या देतात. हेतू हा की दिवसरात्र उभे राहून पाठ अवघडली तर टेकावयास काही असावे. काकड आरती, पोशाख, धुपारती, शेजारती हे उपचार थांबतात. नित्यपूजा, महानैवेद्य, गंधाक्षता आणि श्रमपरिहारार्थ लिंबूपाणी एवढेच उपचार राहतात. उरलेला सारा वेळ, दिवसाचे आणि रात्रीचे मिळून, दर्शनासाठी मोकळा होतो.

आषाढीच्या या काळात सुमारे अठरा-वीस दिवस देव अखंड उभा असतो. रांग दर्शनमंडपातून बाहेर पडून गोपाळपूरच्या रस्त्यावरील पत्र्याच्या शेडपर्यंत जाते. वारकरी तासन्‌तास, कधी सारी रात्र, उभा राहतो. परंतु तो कुरकुर करीत नाही. कारण त्याला ठाऊक असते की रांगेच्या दुसऱ्या टोकाला उभा असलेला आपल्याहून अधिक काळ तिष्ठत आहे.

एकादशीच्या पहाटे शासनाच्या वतीने महापूजा होते. आषाढीला मुख्यमंत्री सपत्नीक पूजा करतात. त्या वेळी रांगेत अग्रभागी असलेल्या एका वारकरी दांपत्याला ‘मानाचे वारकरी’ म्हणून त्यांच्या शेजारी पूजेचा मान मिळतो. शेतातून आलेले, पायांना भेगा पडलेले जोडपे राज्याच्या प्रमुखासह एकाच पाटाच्या रेषेत बसते. देवाच्या दारी थोर कोण आणि लहान कोण, याचे उत्तर त्या एका दृश्यात मिळते.

यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. सारे देऊळ धुऊन काढतात. श्रींच्या पायांना लिंबू-साखर चोळतात आणि गरम पाण्याने स्नान घालतात. लक्षावधी हातांनी स्पर्शिलेल्या त्या पायांचा शीण उतरावा म्हणून हा उपचार. रात्री शेजारतीच्या वेळी औषधी जिनसांचा काढा देवाला दाखवितात. पलंग पुन्हा शेजघरात येतो आणि इतक्या दिवसांनी देव निजतो. वारीला जाऊन आलेल्या घरात परतल्यावर आजीचे पाय गरम पाण्यात सोडून सून जशी चोळते, त्याहून हा उपचार वेगळा नाही.

देवाला परत आणणारे पैठणकर

आपल्या जिल्ह्याचे आणि पंढरीचे नाते केवळ वाळूजच्या देवळापुरते नाही. विजयनगरच्या राजाने विठ्ठलाची मूर्ती आपल्या राजधानीस नेली होती आणि ती परत पंढरीस आणण्याचे कार्य पैठणच्या भानुदासांनी केले, अशी संप्रदायाची दृढ परंपरा आहे. हे भानुदास म्हणजे संत एकनाथमहाराजांचे पणजोबा. त्यांची समाधी पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराच्या आवारातच आहे. सर्वांना दर्शन व्हावे म्हणून देव आपल्या जागी परत आणला, हे त्या परंपरेचे सार होय. राजवाड्यातील देव कितीही वैभवात असला तरी तेथे पाहारे असतात. पंढरीच्या देवाला पाहारा मानवत नाही.

आजही ज्येष्ठ वद्य सप्तमीला पैठणहून नाथांची पालखी निघते आणि बीड जिल्ह्यातून वाटचाल करीत आषाढ शुद्ध दशमीपर्यंत पंढरीस पोहोचते. ज्या नाथांनी गोदाकाठच्या तापल्या वाळवंटात रडणाऱ्या अंत्यजाच्या मुलाला कडेवर उचलून घेतले अशी कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो, त्यांची ही पालखी आहे. दर्शनाचे दार कोणासाठी, या प्रश्नाचे उत्तर पैठणने चार शतकांपूर्वीच दिले होते.

पायरीशी थांबलेले चोखोबा

तरीही ते उत्तर पंढरीच्या महाद्वाराने ऐकावयास फार काळ लावला, हे कटू सत्य श्रद्धावंतांनी टाळू नये. महाद्वारात नामदेवांची पायरी आहे आणि तिच्या समोर चोखोबांची समाधी. संत चोखामेळा मंगळवेढ्यास कुसू कोसळून त्याखाली गतप्राण झाले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी शोधून आणून येथे ठेवल्या, असे परंपरा सांगते. ज्यांच्या हाडांतूनही विठ्ठलनाम ऐकू आले म्हणतात, त्यांना जिवंतपणी देवळाची पायरी ओलांडता आली नव्हती. त्यांच्यामागून शेकडो वर्षे त्यांच्या समाजाचे वारकरी वारी करीत राहिले. शेकडो कोस चालून यावयाचे, चंद्रभागेत स्नान करावयाचे, चोखोबांच्या समाधीशी माथा टेकावयाचा आणि कळसाला हात जोडून परत फिरावयाचे. दाराच्या आत देवाची वेळापत्रके चालत होती. परंतु त्यांच्यासाठी दर्शनाची वेळ कोणत्याच प्रहरी नव्हती.

ते दार उघडावे म्हणून साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषणास आरंभ केला. त्यासाठी तनपुरे महाराजांनी आपला मठ दिला, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कारण हा आग्रह बाहेरून आलेला नव्हता, वारकऱ्यांच्या अंगणातच तो रुजला होता. देऊळ सर्वांस खुले करण्याची संमती मिळाल्यावर १० मे रोजी उपोषण सुटले. देश स्वतंत्र होण्यास तेव्हा तीन महिने उरले होते. त्या वर्षानंतर दर्शनाच्या रांगेत कोणाची जात विचारली जात नाही. आज रांगेत उभे राहून आपण कंटाळतो तेव्हा एवढे आठवावे की या रांगेत उभे राहण्याचा अधिकार मिळावा म्हणून कोणी पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिली आणि कोणी प्राण पणाला लावले.

पदस्पर्श आणि मुखदर्शन

दार उघडले, रांग वाढली, आणि नव्या काळाने नवा प्रश्न पुढे आणला. पंढरीचे वैशिष्ट्य म्हणजे येथे भाविक देवाच्या प्रत्यक्ष पायांवर मस्तक ठेवतो. अनेक क्षेत्रांत देवाला दुरूनच पाहावे लागते. विठोबाचे पाय मात्र सर्वांना मोकळे. परंतु पाषाण झाला तरी तो झिजतो. रोज हजारो हातांचा स्पर्श आणि पूर्वी वरचेवर होणारे पंचामृताचे अभिषेक यांनी श्रींच्या चरणांची झीज होत गेली. तीवर पुरातत्त्व विभागाच्या तज्ज्ञांकडून वेळोवेळी संरक्षक लेप देण्यात आला. २०२० साली देऊळ भाविकांसाठी बंद असताना असा लेप देण्यात आला होता.

त्या वर्षाची आठवण आजही मन हेलावून टाकते. महामारीमुळे मार्च २०२० मध्ये देऊळ बंद झाले. १ जुलैच्या आषाढीला पंढरीत वारी नव्हती. मानाच्या पादुका एस.टी. बसमधून पंढरीस नेण्यात आल्या. गाभाऱ्यात पूजा होत होती, नैवेद्य होत होते. वेळापत्रक पूर्ण होते आणि समोर मात्र कोणी नव्हते. त्याच वर्षी दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबरला, राज्यातील देवळे उघडली. पुढल्या वर्षी पुन्हा काही महिने ती बंद राहिली आणि घटस्थापनेच्या दिवशी, ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, पुन्हा खुली झाली. भक्ताविना देवाचा दिनक्रम किती ओका असतो, हे त्या दोन आषाढींनी शिकविले.

त्यानंतर २०२४ साली देवळाला मूळचे पाषाणरूप देण्याच्या जीर्णोद्धाराच्या कामासाठी १५ मार्चपासून पदस्पर्श दर्शन थांबविण्यात आले. सकाळचे काही तास केवळ मुखदर्शन होत असे. २ जूनला चरणस्पर्श पुन्हा सुरू झाला. या काळात मुखदर्शन घेऊन परतणाऱ्या अनेकांना वाटले असेल की आपली वारी अपुरी राहिली. तसे समजण्याचे कारण नाही. विठोबाचे वर्णन करताना संतांचे चित्त जेवढे चरणांवर जडले, तेवढेच त्याच्या मुखावर आणि कटीवरील हातांवरही जडले आहे. शिवाय जुने वारकरी कळसाचे दर्शन घेऊनही वारी पूर्ण मानतात. ज्याला पायांपर्यंत पोहोचता आले, त्याने आनंद मानावा. ज्याला दुरून मुख दिसले, त्यानेही तितकाच मानावा. चरण पुढच्या पिढ्यांसाठी टिकावेत म्हणून आज आपला हात क्षणभर आवरणे, हीदेखील चरणसेवाच आहे.

कामगारांची पंढरी

आता पुन्हा वाळूजकडे वळू. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना येथे सुरू झाला आणि पाहता पाहता माळरानावर औद्योगिक नगरी उभी राहिली. मराठवाड्यातील, विदर्भ-खानदेशातील खेड्यांमधून तरुण कामासाठी आले. गावाकडे आजोबा वारीला जात, वडील जात. नातवाला मात्र पाळीचे काम. पंढरीच्या वारीसाठी वीस दिवसांची रजा कोणता कारखाना देणार? अशा माणसाची वारी बुडू नये, म्हणून जणू विठोबाच कारखान्याच्या वाटेवर येऊन उभा राहिला आहे. रात्रपाळी संपवून डबा हातात घेऊन तसाच रांगेत उभा राहणारा कामगार येथे दिसतो. आदल्या रात्री पायी निघून पहाटे पोहोचणारी शहरातील कुटुंबे दिसतात. वाटेवर ठिकठिकाणी चहा, केळी आणि साबुदाण्याच्या खिचडीचे वाटप चालते. त्या दिवशी हमरस्त्यावरील वाहतूक दुसऱ्या मार्गाने वळवावी लागते. यंत्रांच्या नगरीत एक दिवस माणसांच्या पावलांना अग्रमान मिळतो.

कोणी विचारील की मूळ पंढरी असताना हे छोटे पंढरपूर कशाला? त्याचे उत्तर संतचरित्रांत जागोजागी आहे. संतांना देव मळ्यात दिसला, मडक्यांत दिसला, जात्यावर दळताना दिसला. सावतोबांसाठी विठोबा अरणच्या मळ्यात आला, असे आपण मानतो. मग पाळी सांभाळणाऱ्या भक्तासाठी तो वाळूजच्या वेशीवर आला, तर त्यात नवल ते काय?

दर्शनाला निघताना

आषाढीला देवळात जाणाऱ्या कुटुंबांनी काही गोष्टी मनाशी बाळगाव्यात. नैवेद्याच्या आणि आरतीच्या वेळी रांग थांबते, हे घरच्या मुलांना आधीच समजावून सांगावे, म्हणजे ती चुळबुळ करणार नाहीत. वृद्धांना आणि लहानग्यांना घेऊन जावयाचे असेल, तर एकादशीचा ऐन दिवस टाळून द्वादशीला किंवा त्यानंतर जावे. देव दुसऱ्या दिवशीही तोच असतो आणि निवांत भेटतो. उपवासाच्या दिवशी उभे राहण्याचा शीण अधिक होतो, म्हणून पाणी जवळ ठेवावे. हार-फुले शक्य तितकी थोडी न्यावीत. तुळशीचे एक पान पुरते. ओळखीपाळखीने मधल्या दाराने आत शिरण्याचा मोह टाळावा. मागे उभी असलेली माउली आपल्याआधी आलेली असते, आणि तिचा क्षण घेऊन मिळविलेले दर्शन कोणत्या पदरात बांधून घरी न्यावयाचे? गाभाऱ्यासमोर पोहोचल्यावर एक क्षण पुरे. ज्याला डोळे भरून पाहावयाचे आहे, त्याला एक क्षण मोठा असतो.

देवाचा दिनक्रम आणि भक्ताची ओढ यांचा मेळ कसा बसतो, या प्रश्नाचे उत्तर पंढरीने फार सुंदर दिले आहे. वर्षातील बहुतेक दिवस भक्ताने देवाची वेळ पाळावयाची: देव उठेल तेव्हा यावयाचे, जेवेल तेव्हा थांबावयाचे, निजेल तेव्हा परतावयाचे. वारीच्या दिवसांत मात्र देव भक्ताची वेळ पाळतो. आपला पोशाख, आपली धुपारती, आपली शेज सोडून उभा राहतो. देवाने त्याची झोप दिली आहे. आपण त्या बदल्यात रांगेतील थोडा धीर, मागच्यासाठी थोडी जागा आणि चरणांवरील एका क्षणाचा संकोच दिला, तर हिशेब कधीच पुरा होणार नाही. परंतु देणाऱ्याला ऋण ओळखल्याचे समाधान लाभेल.

आज एकादशी. वाळूजच्या वाटेवर असो, पैठणच्या नाथवाड्यात असो, भीमातीरी असो, की घरच्या देव्हाऱ्यासमोर, ज्याला जेथे उभे राहणे घडेल तेथे त्याने हात जोडावेत. शयनी एकादशीच्या या रात्री तो जागा आहे, आणि आपल्यासाठीच जागा आहे. पुंडलिक वरदे हारी विठ्ठल!